ग्राउंडवरचं हळदीकुंकू

आमच्या कॉलेजात प्राचार्यांना न घाबरणारं एकच माणूस आहे आणि तेच माणूस रोज सकाळी त्यांच्या टेबलावर चहा ठेवतं. संचिता घाडी. हुद्दा शिपाई, नेमणूक जिमखान्यात, वय सत्तावन्न. उंची अशी की कपाटाच्या वरच्या फळीवरचा बॉल काढायला त्यांना स्टूल लागत नाही. सगळं कॉलेज त्यांना घाडीमावशी म्हणतं. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या असल्या तरी मीही मावशीच म्हणते.

मी नीरजा. सव्वीस वर्षं इथे अर्थशास्त्र शिकवते आणि जिमखाना समितीची सचिव आहे. सचिव म्हणजे बैठकीत इतर बोलतात ते वहीत उतरवणारी बाई. स्वतः काही बोलायचं नाही, हे मी फार लवकर शिकले होते.

कल्याणहून मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कॉलेज आहे. बाकीच्या कॉलेजांना क्रिकेटचं वेड, आमच्याकडे बास्केटबॉलचं. म्हणजे मुलांच्या बास्केटबॉलचं. मुलांची मॅच असली की गेटवर वीस फुटी फ्लेक्स लागतो आणि त्यावर बारा जण हाताची घडी घालून असे उभे असतात, जणू वॉर्डातून निवडणूक लढवतायत. वेळ संध्याकाळी साडेपाच. भाड्याचे लाईट, डीजे, येईल त्याला वडापाव आणि तीननंतरची लेक्चर्स बंद. मुलींची मॅच असली की नोटीस बोर्डावर एक कागद, तोही लायब्ररीची पुस्तकं परत न करणाऱ्यांच्या यादीखाली. वेळ दुपारी साडेबारा, म्हणजे ज्या वेळी कावळासुद्धा सावली शोधतो. लेक्चर्स चालू. आणि वर्षाच्या शेवटी आम्हीच मान हलवून म्हणायचं, "मुलींच्या मॅचला कोणी येत नाही हो." पाय बांधून ठेवायचे आणि पळत नाही म्हणून बोल लावायचा, त्यातली गत.

मॅचच्या वेळी पाटीवरचे गुणांचे आकडे उलटायचं काम मावशींचं. ते करता करता त्या एका लांबट वहीत काहीतरी टिपतात, हे मला माहीत होतं. काय टिपतात ते मी एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात जिमखान्यात कुणीच नव्हतं, वही उघडी होती, म्हणून वाचली.

"१२ डिसेंबर. मुली. वेळ साडेबारा. फ्लेक्स नाही. सुट्टी नाही. प्रेक्षक ४. कुत्रं १. प्राध्यापक ०."

पानामागून पानं तशीच. प्रेक्षक सहा, प्रेक्षक तीन, प्रेक्षक नऊ. मध्येच एक नोंद वेगळी होती. मुलांची मॅच समोरचा संघ न आल्यामुळे रद्द झाली, लाईट आणि डीजे येऊन बसलेले, म्हणून मुलींना साडेपाचला खेळवलं होतं. त्या दिवशी प्रेक्षक एकशे एकसष्ट. म्हणजे रोग मुलींच्या खेळात नव्हता. हे मला, अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला, शिपायाच्या वहीतून कळलं.

एवढ्यात मावशी आल्या. चोरी पकडल्यासारखी मी म्हणाले, "मावशी, कुत्रं कशाला लिहिलंत?"

"आलेला ना तो. शेवटपर्यंत बसलेला."

"आणि प्राध्यापकांचा रकाना वेगळा?"

"कोणी आलं तर लिहायला जागा नको?" मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातून वही घेऊन कपाटात ठेवून दिली.

त्या रकान्यात एकोणीस वर्षं शून्य होतं. त्यातलं एक शून्य माझं. मला तेव्हा राग आला, आणि तो मावशींवरच आला, हे कबूल करते.

मावशी मूळच्या सावंतवाडीकडच्या, पण वाढल्या मोहन्यात. वडील कारखान्यात कामाला होते. कॉलनीत सिमेंटचं एक कोर्ट होतं, तिथे त्या बास्केटबॉल खेळायला शिकल्या. सोळाव्या वर्षी ठाण्याला फायनल खेळायला गेल्या, तर मुलांचा बक्षीस समारंभ आधीच उरकलेला, पाहुणे गेलेले आणि मंडपवाले खुर्च्या उचलत होते. यांची मॅच त्या खुर्च्यांच्या खडखडाटात झाली. ती त्या जिंकल्या, आणि कप दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पिशवीत घालून मिळाला. बघायला एकटे वडील होते, रात्रपाळी करून तसेच आलेले. परतताना ते म्हणाले, "मी आलेलो. लिहून ठेव कुठेतरी." ती पहिली नोंद: प्रेक्षक १, बाबा. पुढे लग्न झालं, खेळ सुटला, अकरा वर्षांपूर्वी नवराही गेला. मोजणं तेवढं सुटलं नाही.

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समितीची बैठक बसली. जिमखानाप्रमुख स्वानंद सर तरुण, उत्साही आणि सतत मोबाइल आडवा धरून शूटिंग करणारे. ते म्हणाले, "सर, मुलींच्या टीमला रिस्पॉन्स झीरो आहे. एक रील टाकलेली, तिला अकरा लाइक्स." प्राचार्यांनी चष्मा पुसला. "मग पुढच्या वर्षीपासून नको मुलींचा संघ. मॅडम, लिहा. प्रेक्षकांच्या प्रतिसादाअभावी मुलींचा बास्केटबॉल संघ बंद करण्यात येत आहे."

मी लिहिलं. हो, लिहिलं. अक्षरही नेहमीसारखं छान आलं.

मावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "कोणी येत नाही, की कोणी बोलवत नाही?"

खोलीत कुणीतरी खोकलं. प्राचार्य हसले. मोठ्या माणसांना लहान माणसाच्या तोंडून खरं ऐकलं की हसू येतं. "बरं मावशी, तुम्ही बोलवा. चोवीस तारखेला शनिवारी कोपरीच्या कॉलेजबरोबर मुलींची मॅच आहे. शंभर माणसं आणून दाखवा. आणलीत तर संघ बंद करणार नाही, शब्द देतो. पण फ्लेक्स, सुट्टी वगैरे काही मिळणार नाही."

"फ्लेक्स नको. फ्लेक्स बघून बायका येत नाहीत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, साहेबांचा शब्द लिहिलात?"

आधीच्या वाक्याखाली मी तोही लिहिला. प्राचार्यांचं हसू जरा कमी झालं.

बाहेर कप्तान रसिका उभी होती. आंबिवलीची पोर, सेकंड इयरला, हडकुळी, पण बॉल हातात आला की समोरचीला भोवरा करून सोडणारी. बातमी तिच्यापर्यंत पोहोचलेली होती. "मॅडम, टीम बंद झाली तर संध्याकाळचे दोन तास माझे राहणारच नाहीत," ती म्हणाली. "प्रॅक्टिस आहे म्हणून घरचे सोडतात. नसली तर कॉलेज सुटलं की सरळ घर, नि मग पोरगा बघायला चालू." रडत नव्हती ती. चिडली होती. मी "बघू" म्हणाले. मास्तरांच्या तोंडचं "बघू" म्हणजे काय, ते पोरांना पक्कं ठाऊक असतं.

मावशींनी पहिलं काम केलं ते वेळेचं. दुपारी साडेबाराला कोण येणार? त्यांनी कोपरीच्या कॉलेजातल्या गुणाजीला फोन लावला. गुणाजी तिथला शिपाई, बसची व्यवस्था त्याच्याकडे. दुसऱ्याच दिवशी कोपरीहून पत्र आलं की गाडीच्या अडचणीमुळे आमचा संघ चारच्या आत पोहोचू शकत नाही. प्राचार्यांनी "ठीक आहे, साडेपाचला मुलांची मॅच आहे, त्याच्या आत आटपा" असा शेरा मारला. दोन शिपायांनी मनात आणलं तर दोन प्राचार्यांची घड्याळं फिरतात, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि संक्रांत झाल्यावर मावशी कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर निघाल्या. कॉलेज सुटलं की मोहन्याच्या चाळी, मग आंबिवली, मग कॉलेजच्या मागच्या सोसायट्या. दारात उभं राहायचं, कुंकवाचं बोट टेकवायचं आणि सांगायचं, "शनिवारी चार वाजता कॉलेजच्या ग्राउंडवर हळदीकुंकू आहे. यायचं हां नक्की." बस्स. हळदीकुंकवाला फ्लेक्स चालत नाही. मेसेज पाठवला तर "आम्हाला काय मोबाइलवर बोलवता?" असं ऐकून घ्यावं लागतं. घरी येऊन बोलवावं लागतं, आणि एकदा घरी येऊन बोलावलं की न जाणं शोभत नाही.

बुधवारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी गोंधळले. मी लग्न केलेलं नाही. आमच्या सोसायटीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जिन्यात बांगड्या वाजत असतात, पण माझ्या दाराची बेल कुणी वाजवत नाही. सवय झाली होती. लागत नाही असं सांगायचे, पण लागायचं.

"मला?" मी विचारलं.

"सगळ्यांना. लग्न झालेली, न झालेली, नवरा असलेली, गेलेली. अकरा वर्षं मला कोणी कुंकू लावलेलं नाही मॅडम. म्हणून मीच करतेय. आपल्या घरचं हळदीकुंकू, नियम आपले."

"अहो, पण ग्राउंडवर?"

"माझं घर दहा बाय बारा. ग्राउंड मोठं आहे." त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

शनिवारी दुपारी मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते. खाली जाण्याचं धाडस होत नव्हतं. साडेतीनपासून शेअर रिक्षा गेटवर थांबायला लागल्या. काठपदराच्या साड्या, पंजाबी ड्रेस, नातवंडांना काखेत घेतलेल्या आज्या, भाजीची पिशवी घेऊन तशाच आलेल्या दोघी. पायऱ्यांवर सतरंज्या घातलेल्या. गेटचा वॉचमन सहदेव मला नंतर म्हणाला, "मॅडम, आयकार्ड कोणाकोणाचं विचारू? हळदीकुंकवाला आयकार्ड विचारलं तर बायको घरात घेईल का मला?"

शेवटी लाज वाटून मी खाली उतरले. मावशी प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होत्या, तिळगूळ देत होत्या, आणि वाण देत होत्या. वाण काय, तर दोरी लावलेली लाल प्लॅस्टिकची शिट्टी. "सगळीकडे गाळणी नि डब्या. माझ्याकडे सात गाळण्या झाल्यात," त्या म्हणाल्या. "बाईच्या पर्समध्ये शिट्टी असावी. रस्त्यात कामाला येते." दोन्ही संघांच्या मुलींनाही कुंकू लावलं, तिळगूळ दिला. कोपरीच्या पोरी आधी बावरल्या, मग रांगेत उभ्या राहिल्या.

मॅच सुरू झाली. बायका शांत बसल्या होत्या, कारण काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मोहन्याच्या गंगुबाई, वय पंच्याहत्तर, मला विचारत होत्या, "त्या पोरीला ढकलली, तरी ही गप्प कशी?" मी सांगितलं, फाउल मिळतो. "मग बरंय," त्या म्हणाल्या आणि पुढे सरकून बसल्या. दहा मिनिटांत त्यांना फाउल कळायला लागला, पंधरा मिनिटांत रेफरीच्या आधी कळायला लागला.

आणि इथेच घोटाळा झाला. रसिकाने बॉल हिसकावला, समोर कुणी नाही, ती एकटी रिंगकडे सुटली. गंगुबाईंना राहवेना. त्यांनी वाण तोंडात घातलं आणि सगळा जीव ओतून फुंकलं.

शिट्टी वाजली म्हणजे खेळ थांबतो. रसिका जागच्या जागी थांबली. कोपरीच्या पोरी थांबल्या. रेफरी स्वतःच्या शिट्टीकडे बघत राहिला. तेवढ्यात कौतुकाने आणखी तीस-चाळीस शिट्ट्या वाजल्या. मावशींनी कपाळावर हात मारला. एकोणीस वर्षं आकडे उलटणाऱ्या बाईला हे सुचलं कसं नाही? पण त्यांचं म्हणणं साधं होतं, वाण घरी नेऊन कपाटात टाकायचं असतं, तिथल्या तिथे कोण वाजवतं!

रेफरी तणतणत आला. आणखी एक शिट्टी वाजली तर तुमच्या टीमवर फाउल देईन म्हणाला. मावशी पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिट्ट्या पर्समध्ये! चेन लावा! पोरींचं नुकसान होतंय!" दोनशे पर्सच्या चेनी एकदम बंद झाल्या. पुढे बायकांनी टाळ्यांवर भागवलं. आणि काय टाळ्या! बांगड्यांसकट. मुलींच्या अंगात वारं शिरलं. घामाने कुंकू ओघळून नाकावर आलेलं, आणि त्या पळत होत्या. इतक्या वर्षांत मी हे पाहिलंच नव्हतं, याची मला तिथे बसल्या बसल्या शरम वाटली.

पण शिट्ट्यांच्या गोंधळात वेळ गेला. तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा साडेपाच वाजत आले होते. कोपरी एकेचाळीस, आम्ही अडतीस. दहा मिनिटांचा खेळ बाकी. तेवढ्यात प्राचार्य प्रमुख पाहुण्यांना घेऊन आले, मागे स्वानंद सर, मागे मुलांचा संघ. स्वानंद सरांनी डीजेवाल्याचा माइक घेतला. "वेळेअभावी मुलींची मॅच तीन क्वार्टरवर थांबवण्यात येत आहे. तोच निकाल धरण्यात येईल. मुलींनी कोर्ट रिकामं करावं."

म्हणजे न खेळताच हरलो. रसिका बॉल पोटाशी धरून मधल्या वर्तुळात उभी राहिली. हलली नाही.

स्वानंद सर पाटीपाशी आले. "मावशी, आकडे शून्यावर घ्या."

"मॅच संपल्याशिवाय आकडे मागे जात नाहीत सर."

"मावशी, पाहुणे थांबलेत!"

"आमच्याकडेपण पाहुणेच आलेत. घरी जाऊन बोलावलंय मी त्यांना." आणि मावशी पाटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. एवढी उंच बाई, पाटी अर्धी झाकली गेली.

प्राचार्यांनी मुलांना कोर्टवर जायची खूण केली. मुलं बिचकत आत आली. रेफरीने दुसरा बॉल हातात घेतला.

आता पहिली शिट्टी कोणी वाजवली हे मी लपवणार नाही. बायकांना गंगुबाईच वाटल्या होत्या. ती मी होते. पर्सची चेन उघडली, शिट्टी काढली आणि फुंकली. सव्वीस वर्षांत बैठकीत जे जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या फुंकरीत गेलं. प्राचार्यांनी वळून पाहिलं, मी त्यांच्या डोळ्यांत बघून पुन्हा फुंकली. मग माझ्या मागे चेनी उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर दुसरं काही ऐकूच आलं नाही. दोनशे शिट्ट्या. मुलांनी बॉल उचलला की शिट्टी. ठेवला की शांतता. पुन्हा उचलला की शिट्टी.

मुलांचा कप्तान शौनक हसत सुटला. "सर, ऐसे कैसे खेलेंगे? होऊ दे ना त्यांची. दहाच मिनटं तर आहेत!" आणि तो आपला संघ घेऊन बायकांच्या पुढ्यात खाली बसला. एका आजीने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला.

ती दहा मिनिटं खेळली गेली. दोन गुणांनी हरलो. खेळून हरलो, त्यामुळे कोणाची मान खाली गेली नाही. गंगुबाई उठता उठता मला विचारत होत्या, "पुढची कधी?"

प्राचार्य मावशींजवळ आले. चेहरा उतरलेला, पण हार मानणार ते प्राचार्य कसले! "मावशी, ही काही बास्केटबॉलची गर्दी नव्हे. तिळगूळ आणि वाणासाठी आलेल्या बायका या. हे धरता येणार नाही."

मावशींनी आकडे उलटायचं थांबवलं. "मग मुलांच्या मॅचला वडापाव नि डीजे कशाला ठेवता साहेब?"

पाहुणे मोठ्याने हसले. मी पुढे झाले. आवाज माझाच होता, पण मला ओळखीचा वाटत नव्हता. "सर, तुमचा शब्द माझ्याकडे लिहिलेला आहे. संघ सुरू राहील असं लिहिते. आणि मुलींच्या मॅचची वेळ यापुढे साडेपाच, हेही लिहिते. सही आत्ता करता की सोमवारी?"

"सोमवारी," ते म्हणाले. सोमवारी सकाळी मी पहिल्या तासाआधी त्यांच्या टेबलापाशी उभी होते. सही झाली.

त्या संध्याकाळी लाईट लागले, मुलांची मॅच सुरू झाली. निम्म्या बायका तीही बघायला थांबल्या. मावशी पायरीवर बसून उरलेल्या शिट्ट्या मोजत होत्या. अडीचशे आणल्या होत्या, छत्तीस उरल्या. मग त्यांनी वही उघडली. मी शेजारी बसले. या वेळी चोरून नाही, समोर वाकून वाचलं.

"२४ जानेवारी. मुली. वेळ चार. फ्लेक्स नाही. सुट्टी नाही. प्रेक्षक २१३."

"दोनशे चौदा होतात ना मावशी?" मी म्हणाले.

"थांबा की मॅडम," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या रकान्यात सावकाश लिहिलं: "प्राध्यापक १."